मुंबईत गाडीचं सर्व्हिसिंग: बिल वाजवी आहे की नाही, हे कसं ओळखायचं

मुंबईत पहिल्यांदाच गाडी घेतली असेल, किंवा बदली होऊन गाडीसकट इथे आला असाल, तर पहिल्या पेड सर्व्हिसिंगचं बिल हातात पडल्यावर प्रश्न पडतोच: हे बरोबर लावलंय का? शेजाऱ्यांना विचारा, ते म्हणतील, "शोरूमवाले लुटतात, माझ्या माणसाकडे जा." त्यांच्या माणसाकडे गेलात की तो बॉनेट उघडून म्हणतो, "मॅडम, आधी कुठे केलं होतं? सगळं बिघडवून ठेवलंय."

दोन्हीकडे वर्षानुवर्षं गाडी टाकून माझं मत असं झालंय की बहुतेक मेकॅनिक नेहमीच्या कामाचे पैसे ठीकच लावतात. ऑइल बदलायची मजुरी, ब्रेक पॅडची किंमत, यात मोठा घोळ क्वचितच असतो. बिल फुगतं ते गाडीला त्या वेळी नको असलेल्या कामांनी. त्यामुळे शेवटी काउंटरवर "काहीतरी कमी करा" म्हणून घासाघीस करण्यात फारसा अर्थ नसतो. कामांची यादी सुरुवातीपासून आपल्या हातात ठेवली की निम्मं काम झालं. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगते.

सोबत काय ठेवायचं

- ओनर्स मॅन्युअल. हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ मिळतं.
- मागच्या सगळ्या सर्व्हिसिंगची बिलं, एका फाइलमध्ये.
- आरसी आणि विमा. डिजिलॉकरमधली प्रत चालते.
- वॉरंटी किंवा वाढीव वॉरंटीचा कागद.
- मोबाइल, फोटो काढण्यासाठी.
- हौस असेल तर एक साधा मल्टिमीटर आणि ब्लूटूथवर चालणारा ओबीडी स्कॅनर (गाडीतल्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र). दोन्ही लॅमिंग्टन रोडला मिळतात. नसले तरी अडत नाही.

१. आधी मॅन्युअलमधला तक्ता काढा

मॅन्युअलच्या शेवटाकडे मेंटेनन्सचा तक्ता असतो. एका बाजूला कामं आणि वर किलोमीटर व महिने. बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यातलं जे आधी होईल तेव्हा सर्व्हिसिंग करायचं असतं. मुंबईत ऑफिसला लोकलने जाणारे आणि गाडी फक्त शनिवार-रविवारी काढणारे खूप आहेत. त्यांचे किलोमीटर भरतच नाहीत, म्हणून त्यांनी महिने मोजायचे. गाडी उभी राहिली तरी ऑइल जुनं होतंच.

तक्त्यात प्रत्येक कामापुढे एक खूण असते. काही ठिकाणी "बदला" असतं, काही ठिकाणी नुसतं "तपासा". ही खूण नीट बघा. काउंटरवरचा सर्वांत नेहमीचा घोटाळा इथेच होतो: तक्त्यात "तपासा" असलेलं काम बिलात "बदललं" म्हणून येतं. एअर फिल्टर हे त्याचं ठरलेलं उदाहरण. बऱ्याच गाड्यांत तो दर सर्व्हिसिंगला काढून साफ करायचा असतो आणि कित्येक हजार किलोमीटरनंतरच बदलायचा असतो.

आणखी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: ऑइलचा ग्रेड (०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० असं काहीतरी असतं) आणि फिल्टरसकट ऑइल किती लिटर लागतं. छोट्या पेट्रोल हॅचबॅकला साधारण तीन ते साडेतीन लिटर पुरतं. बिलात चार लिटर दिसले तर विचारायला हा आकडा हाताशी हवा.

एक गोष्ट मेकॅनिकच्या बाजूने सांगायला हवी. बऱ्याच मॅन्युअलमध्ये "कठीण वापर" असा वेगळा तक्ता असतो. जवळच्या फेऱ्या, सतत बंद-चालू होणारी वाहतूक, धूळ. अंधेरी ते बीकेसी रोज गाडीने जाणाऱ्याचा वापर त्यातच मोडतो. इंजिन तासन्‌तास चालू असतं आणि किलोमीटर मात्र थोडेच दिसतात. अशा गाडीचं ऑइल थोडं लवकर बदला असं कुणी सांगितलं, तर तो फसवतोय असं धरून चालू नका.

२. गाडी कुठे टाकायची

वॉरंटी चालू असेल तर अधिकृत वर्कशॉपमध्येच टाका. सुरुवातीच्या फ्री सर्व्हिसिंगमध्ये फक्त मजुरी फुकट असते. ऑइल, फिल्टर, कूलंट यांचे पैसे द्यावेच लागतात, त्यामुळे "फ्री" सर्व्हिसिंगचं बिल आलं म्हणून दचकू नका.

अधिकृत वर्कशॉपची मजुरी तासांवर बसते. एखाद्या कामाला कंपनीने किती वेळ धरलाय आणि त्या शहराचा ताशी दर किती, यांचा गुणाकार. मुंबईचा दर गावापेक्षा चढा असतो. साताऱ्यात भाऊ किती देतो, याच्याशी इथल्या बिलाची तुलना करून जीव जाळू नका. जागेचं भाडं आणि कामगारांचे पगार त्यातूनच निघतात.

वॉरंटी संपल्यावर चांगला गल्लीतला मेकॅनिक मिळाला तर मी त्यालाच पसंती देते. तो शोधायचा असेल तर ज्यांचं पोट गाडीवर आहे त्यांना विचारा: टुरिस्ट टॅक्सीवाले, शाळेच्या व्हॅनवाले. गाडी एक दिवस बंद राहिली की त्यांची कमाई बुडते, म्हणून ते वाईट माणसाकडे दुसऱ्यांदा जात नाहीत. गॅरेजमध्ये तुमच्याच मॉडेलच्या दोन-तीन गाड्या उभ्या दिसल्या तर ते चांगलं लक्षण.

३. फोन करून दर विचारा

तीन ठिकाणी एकच प्रश्न, त्याच शब्दांत:

"दादा, अमुक मॉडेल, अमुक साल, पेट्रोल. ऑइल, ऑइल फिल्टर आणि जनरल चेकअप. पार्ट, मजुरी, टॅक्स सगळं धरून किती?"

"सगळं धरून" हे शब्द महत्त्वाचे. नाहीतर फोनवर एक आकडा मिळतो आणि बिलावर दुसरा. बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर सर्व्हिसिंगचा अंदाजे खर्च काढता येतो, तिथे शहर मुंबई निवडा. तिन्ही आकडे जवळपास आले तर दर ठीक आहे समजा. एकच फार खाली असेल तर कोणतं ऑइल घालणार ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

वेळेचंही बघा. गणपतीच्या आधीचा आठवडा टाळा. कोकणात जाणारी अर्धी मुंबई तेव्हा गाडी दाखवायला रांगेत असते आणि घाईत काम होतं. निघायच्या तीन आठवडे आधी उरकून घ्या. एरवी आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी.

४. जॉब कार्ड वाचल्याशिवाय सही नको

गाडी दिल्यावर वर्कशॉपचा सल्लागार टॅबवर किंवा कागदावर जॉब कार्ड, म्हणजे करायच्या कामांची यादी, भरतो. त्याच्यासमोर गाडीभोवती एक फेरी मारा. ओरखडे, किलोमीटर, पेट्रोलचा काटा, डिकीतलं स्टेपनी-जॅक, सगळ्याचे फोटो काढा. मग कार्डावरची कामं एकेक वाचा. "जनरल" किंवा "पॅकेज" असं मोघम लिहिलं असेल तर त्यात काय काय येतं ते लिहायला सांगा.

अंदाजे खर्च आकड्यात लिहून घ्या आणि खाली एक ओळ घाला: "याशिवाय कोणतंही काम फोनवर विचारल्याशिवाय करू नये. जुने पार्ट परत हवेत." टॅबवर शेऱ्याची जागा असते, तिथेही हे लिहिता येतं. नाहीच जमलं तर सल्लागाराला व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मजकूर पाठवा आणि त्याचं "ओके" येऊ द्या.

बायकांसाठी मुद्दाम सांगते. नवरा किंवा भाऊ सोबत असला की सल्लागार त्याच्याशीच बोलतो, गाडी तुम्ही चालवता हे माहीत असूनही. तक्ता तुमच्या हातात असला आणि पहिला प्रश्न तुम्ही विचारलात की बोलणं तुमच्याशी सुरू होतं.

५. जादा कामं: कशाला हो, कशाला नको

दुपारी बाराच्या आसपास फोन येतो. "मॅडम, इंजेक्टर क्लीनिंग करून घ्या, पिकअप सुधारेल." बऱ्याच वर्कशॉपमध्ये सल्लागारांना अशा कामांचं टार्गेट असतं. त्यामुळे त्याच्यावर चिडू नका, पण लगेच हो म्हणू नका. उत्तर एकच: "मॅन्युअलमध्ये या किलोमीटरला हे आहे का? नसेल तर गाडीत काय बिघाड दिसला म्हणून सांगताय?"

बिघाड सांगता आला नाही तर काम नको. इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, डीकार्बन, इंजिन फ्लश, इंजिन ड्रेसिंग, एसीचा जंतुनाशक फवारा, टेफ्लॉन कोटिंग ही नेहमीची मंडळी. यातलं एखादं कधी लागतंही. इंजिन चालू ठेवून उभी असताना गाडी थरथरत असेल तर थ्रॉटल साफ करणं योग्य असू शकतं. पण धडधाकट गाडीला दर वर्षी हे सगळं करायची गरज नाही. इंजिन ड्रेसिंगने इंजिन फक्त चकचकीत दिसतं. एका वर्कशॉपने मला न विचारता ते बिलात घातलं होतं. जॉब कार्डचा फोटो दाखवला, त्यांनी ती ओळ काढली.

काही कामं मात्र डोळ्यांनी बघून ठरवायची:

*ब्रेक पॅड.* "घासलेत" एवढ्यावर बदलू नका. चाक काढलेलं असताना फोटो मागा किंवा स्वतः जाऊन बघा. नव्या पॅडचा मसाला (घासला जाणारा थर) साधारण १० मिलिमीटर किंवा थोडा जास्त असतो, ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायचा. निम्मा शिल्लक असेल तर पुढच्या वेळी बघू म्हणा. तीनवर आला असेल तर पैशांचा विचार न करता बदला, ब्रेकमध्ये काटकसर नको.

*एसीचा गॅस.* "गॅस कमी झालाय, भरून टाकतो" हे दर उन्हाळ्यात ऐकू येतं. एसीची यंत्रणा बंदिस्त असते. गॅस बराच कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतोय. आधी लीक टेस्ट करा म्हणा. गळती तशीच ठेवून गॅस भरला तर पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच पैसे जाणार. आणि कूलिंग कमी होण्याचं कारण कित्येकदा फक्त तुंबलेला केबिन फिल्टर असतो. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, हाताने काढता-घालता येतो. तो स्वतः बदलायला शिका, मजुरी वाचते.

*बॅटरी.* गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती पूर्ण चार्ज आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. चालू असतानाही आकडा बाराच्या घरातच राहिला तर दोष अल्टरनेटरकडे (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाकडे) असू शकतो आणि नवी बॅटरी घालूनही प्रश्न सुटत नाही. बदलावीच लागली तर जुन्या बॅटरीचे पैसे बिलातून वजा झालेत का ते पाहा.

*चेक इंजिनचा दिवा.* गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांना ओबीडी सॉकेट असतं. स्कॅनर लावला की कोड दिसतो. पी०३०१ आला तर पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे इंधन नीट पेटत नाही. कारण स्पार्क प्लग असेल, कॉइल असेल, आणखी काही असेल. मेकॅनिकला कोड विचारा आणि लिहून ठेवा. कोड न बघताच थेट "ईसीएम (इंजिनचा संगणक) गेलाय" म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्या.

*व्हील अलाइनमेंट.* इथल्या खड्ड्यांमुळे पावसाळ्यानंतर हे करावंच लागतं, यात वाद नाही. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा प्रिंटआउट मागा. बॅलन्सिंगच्या शिशाच्या वजनांचे पैसे काही ठिकाणी ग्रॅमवर लावतात, तो दर आधी विचारा.

६. पार्ट: डबा बघा

गॅरेजवाल्याला स्पेअरच्या दुकानातून छापील किमतीपेक्षा स्वस्तात पार्ट मिळतो. मधला फरक ही त्याची कमाई. एमआरपीच्या आत असेल तोवर त्याबद्दल कुरकुर करू नये. तो दुकानात जातो, चुकीचा पार्ट आला तर परत करतो, बसवल्यावर बिघडला तर बघतो.

पार्ट मात्र तुमच्यासमोर डब्यातून निघायला हवा. डब्यावर पार्ट नंबर, एमआरपी, पॅकिंगचा महिना आणि उत्पादकाचं नाव असतं, त्याचा फोटो घ्या. "ओरिजिनल" म्हणून सांगितलेला फिल्टर पिशवीतून निघाला तर घेऊ नका. गाडीच्या कंपनीच्या डब्यातलाच पार्ट हवा असंही नाही. फिल्टर, प्लग, पॅड बनवणाऱ्या नामांकित कंपन्या स्वतःच्या नावानेही तेच विकतात आणि ते बरेचदा स्वस्त पडतात.

कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊसकडची दुकानं स्पेअरसाठी प्रसिद्ध आहेत. आरसा, बंपर, सीट कव्हर यांसाठी जरूर जा. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन यांचे पार्ट मात्र डबा आणि पक्कं बिल यांशिवाय तिथूनही घेऊ नका.

ऑइलचा सीलबंद कॅन घेतला असेल तर उरलेलं ऑइल तुमचं. डिकीत ठेवायला सांगा, टॉप-अपला लागतं.

७. मुंबईत म्हणून वाढणारे खर्च

जूनच्या आधी वायपर ब्लेड, टायर आणि खालच्या बाजूचा गंज बघून घ्या. टायरच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की खोली १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात. हे काम सांगितलं तर सहसा खरं असतं.

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलेलं असताना सेल मारला की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि मग खर्च कुठल्या कुठे जातो. टो करून न्या. विमा घेताना इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर आहे का ते बघा.

वरळी, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या भागात राहत असाल तर अंडरबॉडी कोटिंगला मी सरसकट नाही म्हणणार नाही. खारी हवा पत्रा खातेच. पण ते दर वर्षी लागत नाही.

आणि उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या वायरी कुरतडल्या जातात. अशा वेळी वर्कशॉप अख्खा हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलायला सांगतं आणि आकडा मोठा असतो. आधी चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. दोन-चार वायरी तुटल्या असतील तर सोल्डरचा डाग देऊन, वर हीट-श्रिंक नळी चढवून काम होतं. एअरबॅगच्या वायरीला मात्र जोड देऊ नका, ते काम अधिकृत ठिकाणीच. मोठं नुकसान असेल तर दुरुस्तीआधी विमा कंपनीला कळवा.

८. पैसे देण्याआधी बिल वाचा

आता खरी हिशेबाची जागा. बिल जॉब कार्डशेजारी ठेवा आणि ओळीने जुळवा. कार्डावर नाही ती ओळ का आली, ते विचारा. "कन्झ्युमेबल्स" म्हणून गोल आकडा असेल तर त्यात काय वापरलं ते सांगायला लावा.

मग टॅक्स. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बहुतेक पार्टवर २८ टक्के होता. मजुरीवर १८ टक्केच. कुणी अजून २८ लावलेला दिसला तर तिथेच थांबवा.

यापेक्षा जास्त ठिकाणी सापडणारी गोष्ट म्हणजे एमआरपीवर पुन्हा टॅक्स. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. समजा फिल्टरच्या डब्यावर ५९० रुपये छापलेत. बिलात त्याची मूळ किंमत जास्तीत जास्त ५०० आणि त्यावर १८ टक्क्यांचे ९०, एकूण ५९० असं यायला हवं. त्याऐवजी ५९० मूळ किंमत धरून वर १०६ रुपये २० पैसे टॅक्स लावला, तर तुम्ही ६९६ रुपये २० पैसे देताय. म्हणजे छापील किमतीपेक्षा जास्त, आणि कायद्याने तसं घेता येत नाही. डब्याचा फोटो काढायला सांगितला तो यासाठीच.

गल्लीतल्या गॅरेजवाल्याने "जीएसटी लागेल" म्हटलं तर बिलावर त्याचा जीएसटी नंबर हवा. तो १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का बघता येतं. नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेताच येत नाही. त्याने साधी पावती दिली तरी चालेल, पण तारीख, किलोमीटर, पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या.

निघण्याआधी डिपस्टिक काढून ऑइलची पातळी आणि रंग बघा. ताजं ऑइल मधासारखं दिसतं, डिझेल गाडीत मात्र ते लगेच काळं पडतं. जुने पार्ट मागून घ्या, ब्रेक एकदा दाबून बघा आणि गाडी एक चक्कर चालवा. पैसे त्यानंतर.

९. पटलं नाही तर

आधी सल्लागार, मग सर्व्हिस मॅनेजर, मग कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र, याच क्रमाने आणि लेखी. ईमेलमध्ये जॉब कार्ड, बिल, डब्याचे फोटो जोडा आणि नेमकी मागणी लिहा: अमुक ओळीचे इतके रुपये परत हवेत. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

न मिटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीतही बोलता येतं. छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्याची तक्रार राज्याच्या वैधमापन खात्याकडे करता येते. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीकडेही मार्गदर्शन मिळतं.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, वर्कशॉप दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावायची सक्तीही नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज भरता येतो. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. जॉब कार्ड आणि बिलं निदान तेवढा काळ फेकू नका.